लिंबाच्या वड्यांचं मतदान

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता कोणीतरी किराणा दुकानदार स्टेनरूडना म्हणालं, "तुमच्या दुकानात हल्ली निघताना जे म्हणतात ना, ते जरा वेगळंच आहे हं."

एवढंच. पण एल्क फोर्कमध्ये 'वेगळंच आहे' हे शब्द कोणी उगाच तोंडातून काढत नाही. एका कुटुंबाने आपलं घर जांभळं रंगवलं, तेव्हा गाव म्हणालं होतं, वेगळंच आहे. पाद्रीबुवांच्या धाकट्या भावाने तिसरं लग्न केलं आणि वरातीला दुसरी बायको आली, तेव्हाही गाव एवढंच म्हणालं होतं. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात माणूस रागाने आतून कोळसा झाला तरी याच्या पुढे जात नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे गाव सोडून जाणं.

स्टेनरूडना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सोमवारी सकाळी त्यांनी गल्ल्यावरच्या तिघींना गोठवलेल्या वाटाण्यांपाशी बोलावलं. गंभीर बोलणी ते तिथेच करायचे, कारण त्या फ्रीजच्या घरघरीत कोणाचा आवाज चढला तरी कळत नसे.

"कोण म्हणालं?" डोरीनने विचारलं.

"नाव कसं सांगणार?"

"मग वेगळं काय आहे ते तरी विचारलंत का?"

"विचारणार कसं?" स्टेनरूड म्हणाले. "त्यांना वाटलं असतं, मला लागलं."

"पण तुम्हाला लागलंय."

"म्हणून तर नाही विचारलं."

तिघींनी वाटाण्यांकडे बघितलं. हे तिथल्या रीतीला धरूनच होतं.

आता संशयित तीन. पहिली डोरीन. ती गल्ल्यावर बसायला लागली तेव्हा स्टेनरूडांच्या डोक्यावर केस होते. डिसेंबर लागला की ती येईल त्याला "मेरी ख्रिसमस" म्हणायची, कुत्र्यांनासुद्धा. दुसरी होदान. ती मुसलमान घरातली, कॉलेजला जायची, डोक्याला रुमाल बांधायची आणि सगळ्यांना, कोणत्याही धर्माला चालेल असं, "हॅपी हॉलिडेज" म्हणायची. तिसरी ब्रिटा. तिचा गल्ला या दोघींच्या मधोमध होता, त्यामुळे डाव्या कानाला ख्रिसमस ऐकू यायचा, उजव्या कानाला हॉलिडेज, आणि तोंडाला जे आधी सापडेल ते बाहेर पडायचं. कधी कधी दोन्ही एकदम.

स्टेनरूडांनी छताकडे बघितलं. "डोरीन तर जुनीच आहे," ते म्हणाले. "होदानबद्दल लोक काही बोलणार नाहीत. बोललेच तर कसं दिसेल, या भीतीने वाईट हवामानाबद्दलही तिच्यासमोर बोलत नाहीत. म्हणजे नवीन असं बघायला गेलं तर…"

पुढचं ते बोलले नाहीत. छतच बोललं.

ब्रिटा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून गल्ल्यावर आली होती. त्याआधी ती मागच्या थंडगार खोलीत बटाटे निवडून पिशव्यांत भरायची. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा ती "हजर" इतक्या हळू म्हणायची की दोनदा घरी फोन गेला होता, मुलगी कुठे आहे म्हणून. आणि मग एक दिवस मधल्या गल्ल्यावरची मुलगी आजारी पडली, ब्रिटाला गल्ल्यावर उभं केलं, आणि समोर हार्लन क्विस्ट आले. हार्लन क्विस्ट म्हणजे असा माणूस की त्यांच्यापुढे कोंबडी अंडं द्यायची थांबेल. ते पोटात वायू धरणाऱ्या डबाबंद घेवड्याचं अख्खं खोकं घेऊन उभे होते. ब्रिटाच्या तोंडून निघून गेलं, "मिस्टर क्विस्ट, आज रात्री तुमच्याकडे कोणी राहायला येणार नाहीये ना?"

हार्लन क्विस्ट नाकातून "हं" म्हणाले.

सबंध गावात गेल्या दहा वर्षांत कोणी त्यांना हसवलं नव्हतं. ब्रिटा त्या दिवशी घरी चालत गेली ती रस्त्यावरून नाही, रस्त्याच्या जरा वरून. तेव्हापासून तिला जो कंठ फुटला तो थांबेना. ती विनोद करायची, पुढच्याला हाक मारायची, मागच्याची टोपी वाखाणायची, आणि सगळी रांग हसत पुढे सरकायची. तिला आता परत बटाट्यांत जायचं नव्हतं. बटाट्यांना विनोद कळत नाहीत.

"असं करू," स्टेनरूड छतालाच म्हणाले. "शनिवारपर्यंत लोकांना काय आवडतं ते बघ ब्रिटा. मग सगळ्यांनी तेच म्हणायचं. हमरस्त्यावर ते नवं मोठं दुकान झालंय, लोकांना निमित्तच पाहिजे. आणि नाहीच कळलं तर… म्हणजे मागे बटाट्यांनाही माणूस लागतोच."

एल्क फोर्कच्या हिशोबाने ही विजेची कडकड होती.

"तुम्हाला स्वतःला काय आवडतं, मिस्टर स्टेनरूड?"

"मला?" ते दचकले. "मला काहीही चालतं."

त्याच दिवसापासून ब्रिटाने विचारायला सुरुवात केली. पहिले हार्लन क्विस्टच सापडले. खांद्यावर अंगणातल्या बर्फावर टाकायच्या मिठाची गोणी होती.

"मिस्टर क्विस्ट, तुम्हाला मेरी ख्रिसमस म्हणू की हॅपी हॉलिडेज?"

हार्लननी गोणी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "काही का म्हणेनास. तुला सोपं पडेल ते."

"पुढचे या!" ब्रिटा ओरडली. रांग मोठी होती.

पुढे होल्मबाई होत्या. एकट्या राहायच्या, त्यांचं मांजर सोडून. मांजरासाठी रोज एकच डबा न्यायच्या. एकदम आठवड्याचे नेले तर रोज दुकानात यायला कारण उरलं नसतं.

"मला गं? मला दोन्ही गोडच," होल्मबाई म्हणाल्या. "पण काही लोकांच्या मनाला लागतं हो."

"कोणाच्या?"

"नावं कशाला घ्यायची, पोरी."

पाद्रीबुवांच्या पत्नी म्हणाल्या, "माझं काही नाही. लोकांचं बघ." शाळेच्या बसचा चालक म्हणाला, "माझं सोड, पण आमच्या शेजाऱ्यांपुढे जपून हं." शेजारी म्हणाले, त्यांचं काही नाही, पण बसचा चालक जरा हळवा आहे. संध्याकाळपर्यंत एवढं पक्कं झालं की एल्क फोर्कमध्ये कोणालाच काही वाटत नव्हतं आणि लोकांना फार वाटत होतं.

"तुझ्याकडे तरी कोणी काही म्हणतं का?" ब्रिटाने होदानला विचारलं.

"माझ्याकडे?" होदान गल्ला पुसत होती. "ते माझा रुमाल बघतात, घाबरतात आणि 'थंडी सांभाळ' म्हणतात. एकजण परवा मला 'हॅपी मंगळवार' म्हणून गेला."

"मग तू काय म्हणालीस?"

"तुम्हालाही. आणि बुधवारच्याही आगाऊ."

गुरुवारी डोरीनने डोकं लढवलं. "तोंडाने सांगत नाहीत ना? मग हाताने सांगतील. खायला ठेव."

म्हणून शुक्रवारी दाराशी टेबल मांडलं आणि त्यावर लिंबाच्या वड्यांचे दोन ट्रे ठेवले. एक डोरीनने भाजला होता, दुसरा स्टेनरूडांच्या पत्नीने. पाककृती एकच होती, चर्चच्या बायकांनी काढलेल्या पुस्तकातली, म्हणजे चवीवरून पक्षपात नको. डाव्या ट्रेपुढे पाटी, 'मेरी ख्रिसमस'. उजव्यापुढे, 'हॅपी हॉलिडेज'. खाली बारीक अक्षरात, 'जे आवडतं त्यातली वडी घ्या. नाही घेतली तरी चालेल.' ही शेवटची ओळ स्टेनरूडांनी घातली होती.

ब्रिटा गल्ल्यावरून मान उंच करून बघत होती. सकाळचा पहिला तास कोणी हातच लावेना. भरल्या ट्रेला पहिला हात लावायचा म्हणजे हावरटपणा. शेवटी डोरीनने प्रत्येक ट्रेमधली एकेक वडी स्वतः खाल्ली, तेव्हा कुठे मतदान सुरू झालं.

पाद्रीबुवांच्या पत्नी आल्या. त्यांनी दोन्ही ट्रे नीट बघितले आणि जो जास्त भरलेला होता त्यातली घेतली. बसचालक आला, त्याने बघितलं, आता दुसरा जास्त भरलेला होता. त्याने त्यातली घेतली. हार्लन क्विस्टनी दोन्हींतली एकेक उचलली आणि एकावर एक ठेवून एकाच घासात संपवली. दुपारी ब्रिटाच्या लक्षात आलं की पाट्या कोणी वाचतच नव्हतं. लोक बघत होते ते एवढंच, की डोरीनच्या वड्या मागे राहिल्या तर डोरीनला वाईट वाटेल, आणि स्टेनरूडबाईंच्या राहिल्या तर त्यांना. दोन्ही ट्रे एकाच गतीने रिकामे होत होते, जणू एकाच तळ्याचं पाणी दोन्हींतून उतरत होतं.

चारच्या सुमारास दोन्हींत एकेक वडी उरली. मग सगळं थांबलं.

शेवटची वडी उचलणं म्हणजे एल्क फोर्कमध्ये दरोडा. कोणी तरी सुरीने डावीकडची अर्धी कापली आणि अर्धी घेतली. पुढच्याने उजवीकडचीही अर्धी केली, समतोल राहावा म्हणून. त्याच्या पुढच्याने अर्ध्याची अर्धी. दुकान बंद व्हायला आलं तेव्हा दोन्ही ट्रेंमध्ये नखाएवढे दोन तुकडे शिल्लक होते आणि सुरी अजून तिथेच होती, कोणाला त्यातलाही अर्धा हवा असेल तर.

स्टेनरूडांनी वाकून दोन्ही तुकडे ताडून बघितले.

"बरोबरी," ते म्हणाले. मग ब्रिटाकडे न बघता म्हणाले, "उद्या शनिवार."

ब्रिटा ट्रे धुवायला मागे गेली. तिथे भिंतीला लागून बटाट्यांची पोती उभी होती. त्यांच्याकडे बघून तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिने मोठ्याने म्हणून बघितलं, "पुढचे या!" पोती जागची हलली नाहीत.

शनिवारी सकाळी बर्फ पडत होता आणि दुकानात ही गर्दी. ब्रिटा नुसते पैसे घेत होती. विनोद नाही, टोप्यांची तारीफ नाही. गल्ल्याशेजारी एका कागदात कोपऱ्याची एक वडी होती. डोरीनने काल ट्रे मांडायच्या आधीच कापून वेगळी ठेवली होती, ब्रिटाच्या डब्यासाठी. ब्रिटाला ती खाववत नव्हती.

होल्मबाई मांजराचा डबा घेऊन समोर आल्या. त्यांचे डोळे कागदावर गेले आणि चटकन परत आले.

"घ्या ना, मिसेस होल्म," ब्रिटा म्हणाली.

"नको गं, आत्ताच नाश्ता झाला."

"घ्या हो. कोपऱ्याची आहे, कडा कुरकुरीत."

"छे छे, तुझ्यासाठी ठेवलीय कोणी."

"खरंच घ्या. मला नाही जाणार."

"बरं बाई, तू एवढं म्हणतेस तर," होल्मबाई म्हणाल्या आणि कागद उलगडायच्या आधीच वडी अर्धी संपली होती.

ब्रिटाचा हात डब्यावर तसाच राहिला.

तिला हे अंगावरचं दूध सुटल्यापासून माहीत होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कॉफी हवी का, गाडीने सोडू का, अजून थोडे बटाटे वाढू का, काहीही असो, पहिलं 'नको' संस्काराचं, दुसरं 'नको' यजमानाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून, आणि खरं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर. आणि तिने काय केलं होतं? सबंध गावाला एकेकदा विचारलं होतं आणि "पुढचे या!" म्हणून ओरडली होती. शिकागोहून आलेला पर्यटक असल्यासारखी.

"मिसेस होल्म," तिने विचारलं, "तुम्हाला मी काय म्हणू? ख्रिसमस की हॉलिडेज?"

"काहीही गं, सांगितलं ना."

"नाही, सांगा ना."

"तुला सोपं पडेल ते."

"मी खरंच विचारतेय."

होल्मबाईंनी पुढे बघितलं, मागे बघितलं. हातातला कागद खाली ठेवला. मग अगदी हळू, दुखणं सांगावं तशा म्हणाल्या, "मेरी ख्रिसमस. पण माझ्याकडे बघून म्हण. तू म्हणतेस तेव्हा तुझं लक्ष मागच्या माणसाच्या टोपीकडे असतं. मला वाटतं, ही मला म्हणतेय की टोपीला? दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नसतं गं. मांजर बोलत नाही."

ब्रिटाने मांजराचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"त्या रविवारी तळघरात मीच म्हणाले," होल्मबाई म्हणाल्या. "वेगळंच आहे म्हणून. जरा जास्तच बोलून गेले. दोन रात्री झोप लागली नाही मला."

"तुमचं बरोबर होतं," ब्रिटा म्हणाली. मग तिने होल्मबाईंच्या डोळ्यांत बघून "मेरी ख्रिसमस, मिसेस होल्म" म्हटलं आणि त्या दारापर्यंत पोचेपर्यंत दुसऱ्या कोणाकडे बघितलं नाही. रांग खोळंबली. खोळंबू दे.

पुढे हार्लन क्विस्ट.

"मिस्टर क्विस्ट, काय म्हणू?"

"सांगितलंय एकदा."

"सांगा ना."

"तुला सोपं…"

"खरंच विचारतेय."

हार्लननी टोपी काढली. ते टोपी काढतात हे लोकांनी फक्त अंत्ययात्रेत पाहिलं होतं. "हॅपी म्हणू नकोस," ते म्हणाले. "मेरीही नको. आज मी खूश आहे की नाही ते मला ठाऊक असतं. बाहेर रस्ता निसरडा आहे एवढं सांग. ते खरं तरी असतं."

"बाहेर रस्ता निसरडा आहे, मिस्टर क्विस्ट."

"आभारी आहे," हार्लन म्हणाले, आणि खरंच आभारी दिसले.

मागच्यांनी हे सगळं ऐकलं होतं. मग डोरीनच्या रांगेतली एक बाई हळूच ब्रिटाच्या रांगेत सरकली. होदानच्या रांगेतला बसचालक सरकला. थोड्या वेळात मधली रांग दुधाच्या कपाटापर्यंत गेली आणि दोन्ही बाजूंचे गल्ले ओस पडले. पाद्रीबुवांच्या पत्नींनी तिसऱ्या खेपेला सांगून टाकलं, "हॅपी हॉलिडेज म्हण बाई. घरी सकाळपासून ख्रिसमसच चाललेला असतो. दुकानात तरी मला सुट्टी दे." बसचालकाला मेरी ख्रिसमस हवं होतं, पण होदानकडून. "तिच्या तोंडून आलं की वाटतं, कोणीतरी विचार करून म्हणतंय," तो म्हणाला.

"मी विचार करून हॅपी हॉलिडेज म्हणते," होदान तिच्या रिकाम्या गल्ल्यावरून म्हणाली. मग थोडं थांबून, "पण एकदा चालेल. मेरी ख्रिसमस. थंडी सांभाळ."

आवाज ऐकून स्टेनरूड चीजच्या कपाटामागून बाहेर आले. दुकानात लोक आपल्याला काय आवडतं ते बोलत होते. मोठ्याने. एकमेकांदेखत. त्यांनी जवळच्या फळीचा आधार घेतला.

"कळलं का?" त्यांनी ब्रिटाला विचारलं.

"कळलं."

"काय आवडतं लोकांना?"

"प्रत्येकाला निराळं."

स्टेनरूडांचा चेहरा पडला. त्यांना एक उत्तर हवं होतं, पाटीवर लिहिता येईल असं. "म्हणजे आता प्रत्येकाला…"

"विचारावं लागेल. तीनदा." ब्रिटाने गल्ल्याचा खण ढकलून बंद केला. "आणि तक्रार कोणाची होती तेही कळलं. ती माझ्याचबद्दल होती, मिस्टर स्टेनरूड. शब्दांबद्दल नव्हती. मी बोलायचे त्यांच्याशी आणि बघायचे दुसऱ्यांकडे."

हे सांगायची गरज नव्हती. सांगून झाल्यावर तर अजिबातच नव्हती असं तिला वाटलं. डोरीन एका हाताने गल्ल्याची कडा धरून उभी होती.

स्टेनरूडांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "मग… तुला इथेच गल्ल्यावर राहायचंय, की मागे…?"

ब्रिटाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिच्या आईने, आजीने, समुद्र ओलांडून आलेल्या खापरपणजीने हेच उत्तर दिलं असतं, तुम्हाला सोयीचं पडेल ते. पण समोर दमलेले स्टेनरूड होते, मागे दुधापर्यंत रांग होती, आणि हा माणूस दुसऱ्यांदा विचारेलच याची काय खात्री?

"इथेच," ब्रिटा म्हणाली. पहिल्याच खेपेला.

डोरीनच्या हातातून टोमॅटोचा डबा पडला आणि घरंगळत दारापर्यंत गेला. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

स्टेनरूडांजवळ अजून दोन वेळा विचारायची तयारी होती. ती आता कुठे ठेवायची हे त्यांना कळेना. "नक्की?" त्यांनी एक वापरून बघितली.

"नक्की."

"म्हणजे मागे नको?"

"नको."

"बरं," स्टेनरूड म्हणाले. त्यांना एकदम हलकं वाटलेलं दिसलं. बाह्या सरसावून ते स्वतःच मागे बटाटे भरायला गेले, कारण ते कोणीतरी भरायलाच हवे होते.

ब्रिटाने पुढच्या माणसाकडे बघितलं, टोपीकडे नाही, चेहऱ्याकडे. चेहरा गावातला नव्हता. बाहेर त्याची गाडी बर्फात उभी होती, परराज्याच्या नंबरची. हातात च्युइंग गमची एकच पुडी.

"तुम्हाला मेरी ख्रिसमस म्हणू की हॅपी हॉलिडेज?"

"हॅपी हॉलिडेज," तो झटकन म्हणाला.

रांगेत चुळबूळ झाली. अशा माणसाचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

"नाही, तुम्हाला काय आवडेल?" ब्रिटा मऊपणे म्हणाली.

"हेच, हॅपी हॉलिडेज. चालेल ना?"

"मी खरंच विचारतेय."

त्या माणसाने मागे लांबलचक रांगेकडे बघितलं. सगळे त्याला धीर द्यायला मान हलवत होते. तो ब्रिटाकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू? तुमचं स्वच्छतागृह कुठे आहे? गम मी उगाच घेतली."